घरी या ना एकदा!

आमच्या उबेराबा गावात दोन माणसं रस्त्यात भेटली की निघताना एक म्हणतो, “घरी या ना एकदा!” दुसरा म्हणतो, “येणार, येणार!” मग दोघं आपापल्या वाटेने जातात आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच म्हणतात. ‘घरी या’ म्हणजे ‘बरंय, निघतो’. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, मूल दुधाबरोबरच शिकतं. माझ्या न्हाव्याला, जुरांदिरला, मी किती वर्षं घरी बोलावतोय. तो अजून आलेला नाही, आणि आला तर आमचे संबंध बिघडतील. या व्यवहाराचा नियम एकच, पत्ता द्यायचा नाही. तो नियम मी आयुष्यात कधी मोडलेला नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी. कारण पुढे जे घडलं त्याचं खापर बायकोने माझ्याच डोक्यावर फोडलं.

मी खताच्या कारखान्यात खरेदी विभागात असतो. मार्चमध्ये फिनलंडहून एक यंत्र आलं आणि ते बसवायला यंत्राबरोबर रेयो आला. साठी ओलांडलेला, उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. आमची भाषा तो पुस्तकातून शिकला होता, त्यामुळे बोलायला लागला की बातम्या लागल्यासारखं वाटायचं. बरं, बोलायचा तरी किती? “महोदय, हा खिळा आखूड आहे,” एवढं बोलून दुपारपर्यंत गप्प. यंत्र सुरू झालं, त्याचा निघायचा दिवस आला. मी त्याला मिठी मारली, पाठीत दोन थापा मारल्या आणि जिभेच्या सवयीने म्हणालो, “घरी या ना एकदा!”

उबेराबाचा कुणीही असता तर ‘येणार, येणार’ म्हणाला असता. रेयो जागचा हलला नाही. म्हणाला, “कोणत्या तारखेला?”

आता हा प्रश्न गाव वसल्यापासून कुणी कुणाला विचारलेला नाही. माझी गाळण उडाली. “अहो, तारीख कसली! कधीही या! घर तुमचंच आहे!”

“डिसेंबरमध्ये चालेल?”

“चालेल काय, पळेल!”

पुढे सप्टेंबरात त्याचा निरोप आला, ‘मी नाताळसाठी एकवीस तारखेस येत आहे.’ मी लिहिलं, ‘वा! वाट बघतोय!’ तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोकं चालवायचं होतंस. अहो, माझा गोयानियाचा चुलतभाऊ दरवर्षी असाच निरोप पाठवतो, मी दरवर्षी असंच उत्तर देतो, आणि कुणीही कुठेही जात नाही. नाती अशीच टिकतात.

एकवीस तारखेला दुपारी खालून वॉचमनचा फोन आला. “साहेब, एक भला उंच गोरा माणूस आलाय. बॅग आहे. नाव सांगत नाही, नुसतं ‘मी घरी आलो आहे’ म्हणतोय.”

घराची अवस्था काय सांगू! नाताळची साफसफाई चालली होती. माझी बायको नेउझा स्टुलावर उभी राहून पडदे काढत होती, सासूबाई कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या, आणि मी चड्डीवर होतो.

“कोण आलंय?” नेउझाने विचारलं.

“रेयो.”

“कोण रेयो?”

“यंत्रवाला.”

“तू बोलावलंस?”

“बोलावलं नाही गं! ‘घरी या’ म्हटलं फक्त!”

नेउझा पडद्यासकट खाली उतरली. “पत्ता दिलास?”

“देवाशपथ नाही!” पत्ता कारखान्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीने दिला होता, हे मला मागाहून कळलं. त्याने फोन करून विचारला आणि तिने दिला. आजकालच्या मुलींना रीतभात म्हणून राहिलेली नाही.

सासूबाईंनी घमेल्यातून विचारलं, “तो आलाय कुठून?”

“फिनलंडहून.”

“म्हणजे शेजारच्या गोयासच्या पुढे?”

“बरंच पुढे, आई. समुद्र लागतो मध्ये.”

सासूबाईंनी एक पाय बाहेर काढला. आमच्या सासूबाई, झुल्मीरा त्यांचं नाव, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बोलतात कमी, पण बोलल्या की निकाल लागतो. “नीट ऐका दोघंही,” त्या म्हणाल्या. “समुद्र ओलांडून माणूस तुझ्या शब्दावर आलाय. आपण त्याची वाट बघत नव्हतो, हे त्याला जन्मात कळता कामा नये. कळलं, तर मी बॅग भरून माझ्या भावाकडे जाईन.”

एरवी या धमकीवर मी शांतपणे विचार केला असता. पण त्यांचा चेहरा बघून मी मुकाट्याने पँट चढवली.

दार उघडलं. रेयो वाकून आत आला. “मी आलो आहे.”

“आम्ही वाटच बघत होतो!” तिघंही एकदम ओरडलो. इतक्या जोरात, की समोरच्या ओस्मारचं दार उघडलं.

रेयोने बॅगेतून धुरावलेला मासा काढला आणि आम्हा तिघांना लोकरीचे जाड मोजे दिले. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. सासूबाईंनी मोजे तिथल्या तिथे ओल्या पायांवर चढवले आणि म्हणाल्या, “वा, अगदी हवे तसेच!” पाहुणचाराला छाती लागते ती ही. आमच्या पोर्तुगीजमध्ये ‘रेय’ म्हणजे राजा, म्हणून त्यांनी लगेच त्याचं नामकरणही केलं. “ये रे राजा, बैस. काय वाळलायस!”

राजाला सासूबाईंची खोली मिळाली. सासूबाईंना आमची खोली मिळाली. नेउझाला सोफा. मला गॅलरीतला झोपाळा, ज्याची एक दोरी गेल्या वर्षीपासून ‘आज-उद्या बदलू’ या अवस्थेत होती. माझ्या कमरेचं काय झालं ते इथे सांगत नाही, माझ्या घरात तरी तो विषय कुणाला महत्त्वाचा वाटलेला नाही.

कॉफी झाली, चीजचे गरम गरम गोळे झाले. सासूबाई ताटलीत आणखी वाढत होत्या आणि रेयो ‘पुरे’ म्हणत होता. आमच्याकडे ‘पुरे’ म्हणजे ‘अजून दोन’, हे त्याला कोण सांगणार? तो मुकाट्याने खात राहिला. मग हात पुसून म्हणाला, “माझी पत्नी गेल्यापासून मी नाताळ एकटाच करतो. आमच्याकडे ‘घरी या’ असे कोणी उगाच म्हणत नाही. मनापासून वाटले तरच म्हणतात. मला ते बऱ्याच वर्षांत कोणी म्हटले नव्हते. तुम्ही म्हणालात, तेव्हा मला फार बरे वाटले.”

नेउझा उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. धुवायला एकही भांडं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की वाटलं, मला झोपाळासुद्धा जास्तच झाला, जिन्यात झोपायला हवं. मला लाज वाटली. खरंच वाटली. यंत्र बसवायला आलेल्या माणसाला मी एक वाक्य फेकलं होतं, आणि त्याने ते उचलून नऊ महिने जपलं होतं.

“आपण माझ्यासाठी काही योजले असल्यास सांगावे,” रेयो म्हणाला. “मी त्याप्रमाणे वागेन.”

काय योजलं होतं? पडदे धुवायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, “हो तर! पोहायचं! आमच्या इमारतीला तलाव आहे. खास तुमच्यासाठीच ठरवलंय!”

आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. तलाव आहे, पण तलावाच्या आधी इवोनीबाई आहेत. इवोनीबाई आमच्या इमारतीच्या अध्यक्षीण. इमारतीचे नियम त्यांनी लिहिले आहेत आणि रात्री झोपेत त्या नियमांना पोटनियम सुचतात त्यांना. मी परवानगी मागायला गेलो.

“पाहुण्यांना तलाव नाही,” इवोनीबाई म्हणाल्या. “रहिवाशांच्या नातेवाइकांना आहे. तेही डॉक्टरचा दाखला असेल तर. पायाच्या बोटांच्या बेचक्या तपासलेल्या हव्यात.”

“इमारतीचे डॉक्टर कुठायत?”

“समुद्रकिनारी, सुट्टीवर. नवीन वर्षाला येतील.”

मी जिन्यात येऊन बसलो. तिथे ओस्मार भेटला. ओस्मार समोरच राहतो, आणि दुसऱ्याची अडचण दिसली की त्याचा चेहरा दिवाणखान्यातल्या झुंबरासारखा उजळतो. “अरे वाल्दिर, एवढं काय घेऊन बसलास! नातेवाईक आहे म्हणून सांग.”

“माझा? तो माझ्यापेक्षा दोन हात उंच आहे. आणि दुधासारखा गोरा.”

“तुझा नको रे. सासूबाईंकडचा सांग. बायकोच्या माहेरचं कोण कशाला विचारतंय? आणि दाखल्याचं माझ्यावर सोड. माझा मेहुणा डॉक्टर आहे.”

मी इवोनीबाईंकडे परत गेलो. “नातेवाईक आहे,” म्हटलं, “सासूबाईंकडचा.”

“कोण लागतो त्यांचा?”

“जवळचा,” मी म्हणालो.

हा शब्द मी वापरायला नको होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं की झुल्मीराबाईंचं तरुणपणी एका फिनलंडच्या दर्यावर्द्याशी काहीतरी होतं, आणि इतक्या वर्षांनी त्यांचा मुलगा आईला शोधत आलाय. उबेराबाच्या आसपास शेकडो मैल समुद्र नाही, तिथे दर्यावर्दी काय करत होता, एवढी शंका एकाही माणसाला येऊ नये? चौथ्या मजल्यावरच्या बायका केकचं निमित्त करून आल्या आणि रेयोकडे निरखून म्हणाल्या, “नाक मात्र हुबेहूब तुमचंच हो, झुल्मीराबाई!”

मी भीतभीत सासूबाईंची माफी मागायला गेलो. त्या आरशासमोर बसून केस विंचरत होत्या.

“आई, मी त्यांना सांगून टाकतो, तसं काही नाही म्हणून.”

“गप रे,” सासूबाई म्हणाल्या. “मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्याविषयी कुणी काही बोलतंय, तर तुझ्या का पोटात दुखतंय?” आणि त्यांनी नेउझाची लिपस्टिक मागवली.

ओस्मारचा मेहुणा गुरांचा डॉक्टर निघाला. उबेराबा वशिंडाच्या गुरांचं गाव, इथे कुणी नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं तर आधी ‘कुणाचा?’ असं विचारायचं असतं, हे मी इथे जन्मूनही विसरलो. त्याने रेयोला दोनदा गॅलरीत चालवून पाहिलं, पाय उचलून तळवा पाहिला, दात पाहिले, आणि दाखला दिला. ‘सुदृढ. पायाला रोग नाही. स्वभावाने शांत. वाहतुकीस योग्य.’ इवोनीबाईंनी तो नाकाजवळ धरून वाचला आणि म्हणाल्या, “शिक्का आहे ना? मग झालं.”

रेयो पोहायला उतरला आणि धो धो पाऊस आला. आमचे लोक पावसात तलावाकडे बघतसुद्धा नाहीत, सर्दी होते. हा माणूस शांतपणे इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. खाली छत्री धरून इवोनीबाई, वर मोजे घालून सासूबाई. “बघा,” सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “दर्यावर्दी रक्त.”

असे दोन-तीन दिवस निभावले. प्रत्येक गोष्टीला आम्ही ‘हे तुमच्यासाठीच ठेवलं होतं’ म्हणत होतो, आणि रेयो प्रत्येक वेळी ‘आपण फार कष्ट घेतले’ म्हणत होता. माझा जीव सारखा टांगणीला. कुठल्या क्षणी कोण काय बोलेल आणि हा माणूस तोंडघशी पडेल, याचीच धास्ती.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी नेउझाने टर्की भट्टीत घातली होती, कसाव्याच्या पिठाचा फारोफा परतत होती. तेवढ्यात इवोनीबाई केक घेऊन आल्या, मागोमाग ओस्मार बाटली घेऊन. केक हे निमित्त होतं. इवोनीबाईंना नातं पक्कं करून घ्यायचं होतं. त्या सरळ रेयोसमोर बसल्या.

“मग काय, आईला भेटून कसं वाटलं?”

रेयो म्हणाला, “माझी आई वारली आहे.”

“अगं बाई! मग झुल्मीराबाई तुमच्या कोण?”

मी खोकलो. नेउझाच्या हातून झारा पडला. रेयोला खोटं बोलता येत नाही, तो भाग त्याच्या पुस्तकात नव्हता. “त्या माझ्या कोणी नाहीत,” तो म्हणाला. “श्री. वाल्दिर मला ‘घरी या’ म्हणाले. म्हणून मी आलो.”

इवोनीबाई खुर्ची हलेपर्यंत हसल्या. “अहो, ते तर हा सगळ्यांनाच म्हणतो! मला रोज लिफ्टमध्ये म्हणतो! ते काय खरं असतं?”

ओस्मारही हसायला लागला. मग त्याने रेयोचा चेहरा पाहिला आणि बाटलीवरचं लेबल वाचायला लागला. रेयो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, तेच वाईट होतं. आखूड खिळा दाखवताना विचारायचा तसंच त्याने विचारलं, “महोदय, ‘घरी या’ याचा अर्थ ‘घरी या’ असा नाही का?”

खरं सांगावं तर माणूस मोडतो, खोटं सांगावं तर समोर साक्षात इवोनीबाई.

टेबलावर थाडकन हात आपटला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

“बाकीच्यांच्या घरात नसेल,” त्या म्हणाल्या. “या घरात तोच अर्थ आहे. इवोनी, माझा जावई तुला रोज बोलावतो ना? आलीस ना तू आज? मग बस आणि जेव. ओस्मार, तूही बस. आणि ज्याला ज्याला वाल्दिरने ‘घरी या’ म्हटलंय, त्या सगळ्यांना सांग जाऊन. उद्या दुपारचं जेवण इथे आहे.”

“आई!” मी म्हणालो.

“शब्द दिलायस ना तू? का नुसता वारा सोडलास?”

ओस्मारला अशी कामगिरी सांगायला नको होती. रात्रीतून त्याने कुणाकुणाला फोन केले देव जाणे. दुसऱ्या दिवशी बारा वाजल्यापासून घंटी वाजायला लागली. माझा दातांचा डॉक्टर आला, सहकुटुंब. टायरवाला आला. बँकेतला एक कारकून आला, ज्याला मी एकदाच, गर्दीत, ओझरतं म्हटलं होतं. माझ्या शाळेतला एक मुलगा आला, आता आजोबा झालेला. आणि जुरांदिर न्हावी आला, कात्रीची पेटी घेऊन, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं? एकेकाचा चेहरा बघून मी मनातल्या मनात ताटं मोजत होतो. जिभेने माणूस एवढा पसारा करू शकतो, याची मला कल्पना नव्हती.

रात्रीची उरलेली टर्की पहिल्या धडाक्यात संपली. नेउझाने भाताचं सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. शेजारच्या दारादारांतून खुर्च्या आल्या, मग ताटं आली, मग ज्यांच्या खुर्च्या ते आले. इवोनीबाईंनी जिन्यात टेबल लावायला परवानगी दिली. आपला नियम त्यांनी स्वतः मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. जुरांदिरने गॅलरीत, माझ्या झोपाळ्याच्या जागी, रेयोचे केस कापले. आमचे संबंध बिघडले नाहीत. उलट मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, मुलं किती आहेत तुला? इतकी वर्षं मी त्याला घरी बोलावत होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

दारात मात्र मी नव्हतो, मला ते धैर्य नव्हतं. दारात रेयो उभा होता. नुकतेच कापलेले केस, नेउझाचा ॲप्रन. प्रत्येकाचा हात हातात घेऊन तो म्हणत होता, “आत या. आम्ही आपली वाटच बघत होतो.” आणि सांगतो, सगळ्या घरात ते वाक्य खरं वाटेल असं म्हणणारा तो एकटाच होता.

जानेवारीच्या दोन तारखेला त्याला निरोप द्यायला आम्ही तिघंही बसस्टँडवर गेलो. सासूबाईंनी दुधाच्या मिठाईचे एवढे डबे भरले होते की बॅगेतला मासा जाऊन जेवढी जागा झाली होती, ती गेलीच. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून खाली ओढला. “राजा, खात जा नीट,” म्हणाल्या आणि रुमालाऐवजी त्याच्याच शर्टाला डोळे पुसले. नेउझा रडत होती. मी रडत नव्हतो, मला झोपाळ्यावर सर्दी झाली होती.

बस निघायची वेळ झाली. रेयोने मला मिठी मारली. पाठीत दोन थापा मारल्या. आणि म्हणाला, “आता तुम्ही घरी या ना एकदा!”

मी त्याची बाही घट्ट धरली. “कधी? कोणत्या तारखेला?”

“अहो, तारीख कसली!” रेयो हसत हसत बसमध्ये चढला. “कधीही या! घर तुमचंच आहे!”

दार बंद झालं. बस वळणावरून गेली. तो खिडकीतून हात हलवत होता, अगदी आमच्या गावच्या माणसासारखा. मी तिथेच उभा राहिलो.

“त्याने पत्ता दिला नाही,” मी म्हणालो.

“झाला बरं तो उबेराबाचा,” नेउझा नाक पुसत म्हणाली. “आता कळलं ना, कसं वाटतं ते?”

मला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. अख्ख्या गावाला घरी बोलावणारा मी, आणि मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी खरोखर जावंसं वाटत होतं.

सासूबाई चालायला लागल्या होत्या. भर उन्हात, ते जाड मोजे घालून. न वळताच म्हणाल्या, “मोजे आपल्याकडे आहेत. पत्ता रिसेप्शनवरच्या त्या मुलीला विचार.”